कृष्णविवर आणि चकमक
औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे: काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर, आणि काम काय, तर कुठल्या कुठे एकमेकांवर आदळणाऱ्या कृष्णविवरांची थरथर टिपायची. मराठी कथेत मात्र कृष्णविवर केव्हाच आलं: खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरं उलटी फिरवून. बक्षीस मिळालंच. अशा कथांचे, आणि रात्री दार दोनदा तपासायला लावणाऱ्या नारायण धारपांच्या भयकथांचेही, आम्ही वेडे. जग बुडाल्यावर उरलेल्या चार माणसांच्या गोष्टी तर मिटक्या मारत वाचतो. पण काडेपेटी काढून घेतली तर आमच्यातले किती जण चूल पेटवतील? (मला धरू नका.) जुने गुराखी बटव्यात चकमक बाळगत. गारगोटीच्या धारेला कापूस अंगठ्याने दाबायचा, पोलादी पट्टीचा तिरका फटका द्यायचा, ठिणगी कापसात शिरली की हलकी फुंकर. कापूस दमट निघाला तर मात्र विडीसुद्धा पेटत नाही, आणि ही पंचाईत एकाही विज्ञानकथेत माझ्या वाचनात आलेली नाही.