निलगिरीची बाटली कोनाड्यात नको

२०१७ च्या खरिपात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्या धक्क्याने आपण थोडे तरी शहाणे झालो. कीटकनाशकाचा डबा घेताना त्यावरचा लाल, पिवळा, निळा की हिरवा त्रिकोण पाहू लागलो, तो पोराबाळांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवू लागलो. पण घरातल्या कोनाड्यात, देवळीत, नाहीतर पाळण्याशेजारी निलगिरी तेलाची छोटी बाटली उभी असते, तिचे काय? तिच्यावर त्रिकोण नसतो. लहान मुलाला उघडता येणार नाही असे झाकणही तिला सहसा नसते.

निलगिरीचे तेल सर्दी-पडशाचे घरगुती औषध म्हणून रिद्धपूर-मोर्शीकडे घरोघर आहे. कोरोनाच्या २०२०-२१ या दोन वर्षांत वाफ घेण्यासाठी त्याचा खप वाढला आणि अनेक घरांत बाटली कायमची मुक्कामाला आली. साध्या वाफेने कोरोनाचा विषाणू मरत नाही, हे जाणकारांनी तेव्हाच सांगितले होते; सवय मात्र राहिली. कोणी साखरेवर दोन थेंब टाकून खोकल्यावर घेतो, कोणी तान्ह्या बाळाच्या नाकाला लावतो. विचारले तर उत्तर ठरलेले, "काही होत नाही जी, औषधच तं आहे."

होते. या तेलात सिनिओल नावाचे द्रव्य साधारण सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त असते. ते पोटात गेले की रक्तात लवकर भिनते आणि मेंदूवर परिणाम करते. लहान मुलाच्या पोटात चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिली तेल गेले तरी जिवावर बेतू शकते. मोठ्या माणसालाही एवढ्या मात्रेत गंभीर बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. आधी तोंडात आणि पोटात जळजळ, उलटी, खोकला. मग तोल जाणे, गुंगी, झटके, श्वास मंद होणे. मुलाच्या तोंडाला निलगिरीचा वास येत असेल तर शंका घेत बसू नका.

हा आजार कागदावरचा नव्हे. निलगिरीचे मूळ घर ऑस्ट्रेलिया. तिथल्या मेलबर्न शहरातील मुलांच्या रुग्णालयात १९८१ ते १९९२ या काळात हे तेल पोटात गेलेली १०९ मुले दाखल झाली. आपल्याकडे दक्षिण भारतातील चार रुग्णालयांत, फिट येऊन आलेल्या ३५० मोठ्या माणसांचा अभ्यास झाला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत ५५ जणांच्या झटक्यांचा संबंध निलगिरी, कापूर अशा तेलांशी व मलमांशी जोडला गेला. कोणी ते पोटात घेतले होते, कोणी हुंगले होते, कोणी अंगाला चोळले होते.

आता आपला हिशेब मांडा. तेल पोटात गेल्यावर गुंगी किंवा झटके अर्ध्या तासाच्या आतही सुरू होऊ शकतात. रिद्धपूरहून अमरावती गाठायला तासभर तरी मोडतो. म्हणजे पहिला अर्धा तास घरच्यांच्याच हातात आहे, आणि नेमकी तिथेच चूक होते. मीठपाणी पाजून ओकारी काढतात. हे मुळीच करू नका. रॉकेल प्यालेल्या पोराला आपण ओकारी काढू देत नाही, तसेच हे आहे. उलटीबरोबर तेल फुप्फुसात उतरले की दुसरे संकट उभे राहते. दूध, तूप, ताक काहीही पाजू नका. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने जवळचा सरकारी दवाखाना गाठा. बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना काय व किती गेले ते कळेल. दिल्लीच्या एम्समधील विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक मोफत आहे. या विषावर उतारा नाही. श्वास सांभाळणे आणि झटके थांबवणे हाच उपचार, म्हणून वेळेला किंमत. पोर ठणठणीत दिसले तरी दाखवा, कारण लक्षणे काही तास उशिराही येतात.

मग तेल वापरायचेच नाही का? वापरा, पण पोटात अजिबात नको. अंगाला लावायचे तर खोबरेलात भरपूर पातळ करून, मोठ्यांनीच. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाका-तोंडाजवळ, छातीवर नको. फिटचा किंवा दम्याचा आजार असणाऱ्याने आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वाफ साध्या पाण्याची पुरते, आणि उकळत्या भांड्यावर पोराला वाकवू नये. भाजण्याचा धोका वेगळाच. तेल पेट घेते, तेव्हा ते चुलीपासूनही लांब ठेवा.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना एक सांगणे आहे. फवारणीच्या सूचना फलकावर लागतात, तिथेच चार ओळी या तेलाच्याही लिहा. आशाताई आणि अंगणवाडी सेविका घरोघर जातातच. बाटली कुठे आहे एवढे त्यांनी पाहावे. किराणा दुकानदाराने सुटे तेल खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत भरून देऊ नये. रात्री अंधारात चमचा भरणाऱ्या आईला दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.

आणि तुम्ही, वाचक बंधूंनो, आज संध्याकाळी शेतातून घरी गेलात की कोनाडा बघा. बाटली असेल तर कुलपाच्या कपाटात हलवा.