प्लॉटच्या चिठ्ठीला मालकी समजू नका!

नागपूर-अमरावती महामार्गालगतच्या गावांत एक धंदा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शेतात चुन्याच्या रेघा ओढायच्या, दगड रोवायचे, रस्त्यावर कमान उभी करायची आणि त्याला ले-आऊट म्हणायचे. तळेगाव (श्यामजी पंत) याच महामार्गावर आहे, म्हणून हा प्रश्न आमच्या दाराशीच आहे.

गिऱ्हाईक कोण? एसटीचा कंडक्टर, अंगणवाडी सेविका, पोरगा फौजेत गेलेला शेतमजूर. आपला माणूस दिसला की कॉलनीचे नाव सिद्धार्थ नगर होते, पत्रकावर बुद्धमूर्ती येते, 'विहारासाठी जागा सोडली आहे' असे तोंडी सांगितले जाते. मग 'जय भीम' म्हणत हातात इसाराची चिठ्ठी ठेवली जाते. आमचा आक्षेप इथूनच सुरू होतो. ज्या बाबासाहेबांनी आपले हक्क लेखी करून दिले, त्यांचे नाव घेऊन तोंडी व्यवहार कसा चालतो? उद्या तोंडी सांगितलेल्या जागेवर विहार बांधला आणि मंजूर नकाशात ती जागा दुसऱ्याच कामासाठी निघाली, तर अतिक्रमणाची नोटीस कोणाला येणार? ले-आऊटवाल्याला नाही, विहाराला येणार.

काही कार्यकर्ते म्हणतात, हा चळवळीचा विषय नाही. त्यांनी बडोदा आठवावे. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावे लागले आणि काठ्या घेऊन आलेल्यांनी तेथूनही बाहेर काढले. तेव्हा जात बघून दार बंद होत होते. आज पैसे घेताना दार उघडे असते, कागद मागितला की बंद होते.

रेरा म्हणजे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांचा कायदा, हा गैरसमज आधी मोडा. २०१६ च्या या कायद्यात प्लॉट पाडून विकणेही येते. नियोजन क्षेत्रातला ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा ले-आऊट महारेराकडे नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ठरल्या मुदतीत ताबा दिला नाही, तर व्याजासह पैसे परत मागता येतात. हा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली न्यूटेक प्रकरणात सांगितले. बिल्डरांनी या कायद्यालाच आव्हान दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी, महापरिनिर्वाणदिनीच, कायदा वैध ठरवला.

'हे खेडे आहे, इथे रेरा लागत नाही' असे सांगितले जाईल. ते ले-आऊटवाल्याच्या तोंडून ऐकून गप्प बसू नका. जमीन नियोजन क्षेत्रात येते की नाही, हे नगररचना कार्यालयाला लेखी विचारा. आणि रेरा लागला नाही तरी ग्राहक कायदा आहेच. विकसित प्लॉट देण्याचे कबूल करणे ही 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नार्ने कन्स्ट्रक्शन प्रकरणात स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे वर्ध्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीचे शुल्क नाही. वकिलाला पैसे नसतील तर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, कोणाचा उपकार नाही.

आम्ही कायद्याची आरती ओवाळत नाही. महारेराने पैसे परत देण्याचा आदेश दिला तरी वसुली जिल्हाधिकाऱ्याकडे जाते आणि वॉरंट तिथे पडून राहते. नागपूरचे ५७२ आणि १९०० ले-आऊट आठवा. लोकांनी आधी प्लॉट घेतले, सरकारने नंतर ते गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायला घेतले. त्याचे शुल्क प्लॉटधारकांच्या माथी आले. ज्यांनी मंजुरीशिवाय प्लॉट विकले, ते पैसे घेऊन मोकळे झाले. कायदा एकट्या माणसाला थकवतो. म्हणून एकट्याने लढायचेच नाही.

पैसे देण्याआधी सातबारा, अकृषक परवानगीचा आदेश, मंजूर नकाशा आणि रेरा क्रमांक मागा. चिठ्ठी, नोटरी किंवा मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे, हे सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितले आहे. मालकी नोंदणीकृत विक्रीपत्रानेच मिळते. फसलेल्यांनी पावत्या एकत्र करा, एकाच दिवशी सगळ्यांनी तक्रारी दाखल करा.

आणि जयंती मंडळांना आमचा थेट प्रश्न आहे. ले-आऊटवाल्याची वर्गणी घेऊन त्याचा फोटो बाबासाहेबांच्या शेजारी बॅनरवर लावताना तुम्ही त्याला त्याचा रेरा क्रमांक विचारला होता का? त्या बॅनरवर विश्वास ठेवून एखाद्या मायमाऊलीने डोरले मोडून हप्ता भरला असेल, तर तिच्या फसवणुकीत तुमचाही वाटा आहे. येत्या १४ एप्रिलला वर्गणीची पावती फाडण्याआधी हा प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर पैसे परत करा आणि कारण गावाला सांगा.

जय भीम! जय संविधान!