डब्यातली ताकद आणि दुकानदाराची जबाबदारी

पूर्वी तालमीतल्या पहिलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, अंडी, मटण आणि बदामाची थंडाई. हा सारा माल आपल्याच बाजारातून जाई. गवळी, खाटीक, अंडीवाला, सुक्या मेव्याचा दुकानदार, सर्वांची रोजी त्यात होती. आज मोहल्ल्यामोहल्ल्यांत जिम निघाल्या आहेत. कमी वेळात दमछाक करणारा जोरकस व्यायाम तरुणांना आवडतो आणि त्याबरोबर प्रोटीन पावडरचे मोठमोठे डबे आले आहेत. आपले अनेक बांधव किराणा, मेडिकल किंवा सुक्या मेव्याच्या दुकानात हा माल ठेवू लागले आहेत. नव्या धंद्यात उतरण्यास आमचा विरोध नाही. मात्र ज्या मालाची पारख नाही, तो केवळ नफ्यावर नजर ठेवून विकणे महागात पडते, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने व्यायामापूर्वी घ्यावयाची उत्तेजक पावडर बारावीतल्या एका मुलाला विकली. मुलाने एकाऐवजी दोन चमचे घेतले. छातीत धडधड सुरू झाली, हात कापू लागले आणि त्याला रात्री इस्पितळात न्यावे लागले. मुलगा सुखरूप घरी आला. परंतु त्याचा बाप दुकानावर येऊन एवढेच विचारून गेला, "भाई, यात काय होते, ते तुम्हाला तरी ठाऊक होते का?" दुकानदाराजवळ उत्तर नव्हते.

उत्तर असे आहे. अशा अनेक पावडरींच्या एका चमच्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असते, म्हणजे चार-पाच कप चहाइतके. निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात ४०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. दोन चमच्यांत ही मर्यादा एका घोटात गाठली वा ओलांडली जाते. मग अठरा वर्षांखालील मुलाला असा डबा का विकावा?

आता प्रोटीन पावडरकडे वळू. चांगली व्हे पावडर म्हणजे चीज करताना निघणाऱ्या निवळीतील प्रथिने. ती काही विष नव्हे. प्रश्न आहे तो डब्यात खरोखर काय आहे याचा. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी २०२४ मध्ये 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के पावडरींवर छापलेला प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. काहींत तर तो निम्माच भरला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विषारी द्रव्य सापडले.

ही फसवणूक होते कशी? प्रथिने मोजण्याच्या एका जुन्या व रूढ पद्धतीत मालातील नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. त्यामुळे ग्लायसिनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले की आकडा आपोआप फुगतो. तराजूत घट करणे हराम, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग डब्यावर २५ ग्रॅम छापून आत १२ ग्रॅम देणे ही घट नव्हे तर काय?

काही बांधव म्हणतील, "माल कंपनीने बनवला, आमचा काय दोष?" २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचे कलम २७ त्यांनी समजून घ्यावे. मुदत संपलेला किंवा चुकीच्या लेबलाचा माल विकला, अथवा माल कोणाकडून घेतला हे सांगता आले नाही, तर विक्रेताही जबाबदार धरला जातो. चुकीच्या लेबलासाठी ३ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे बिलाशिवाय स्वस्तात आलेला "परदेशी" डबा सर्वांत महाग पडू शकतो.

कॅप्सूलचीही तीच कथा. साध्या कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते, त्यात डुकराचेही असू शकते. पाकिटावरील शाकाहारी-मांसाहारी चिन्ह कोणते जनावर ते सांगत नाही. गिऱ्हाईक विश्वासाने आपल्याकडे येते. तेव्हा चौकशी करणे हे आपले काम आहे.

म्हणून आमची विनंती आहे. पक्क्या बिलाशिवाय माल घेऊ नका. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहूनच डबा मांडा. डबा फोडून सुट्या पुड्या बांधू नका. मूत्रपिंडाचा, हृदयाचा वा रक्तदाबाचा आजार असलेल्या गिऱ्हाइकास आधी डॉक्टरांकडे पाठवा.

आणखी एक गोष्ट. जोरकस व्यायाम करणाऱ्यास वजनाच्या दर किलोमागे १.४ ते २ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलोच्या तरुणास ८४ ते १२० ग्रॅम. चार अंडी २४ ग्रॅम देतात, १०० ग्रॅम फुटाणे सुमारे २० ग्रॅम आणि अर्धा लिटर दूध सुमारे १६ ग्रॅम. हे झाले ६०. उरलेले डाळ-भाकरी, मटण, कोंबडी, मासळीतून सहज मिळते. स्नायू वाढविण्यासाठी प्रोटीन पावडर टाळावी, असा सल्ला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात दिला आहे.

अंडी, फुटाणे, शेंगदाणे, दूध, मटण हा तर आपला पिढीजात व्यापार! जिमच्या शेजारी उकडलेली अंडी आणि ताजे फुटाणे स्वच्छ पाकिटात, वजन व भाव लिहून का विकू नयेत? डब्याइतका नफा एका गिऱ्हाइकामागे मिळणार नाही, हे खरे. परंतु ते गिऱ्हाईक रोज येईल आणि त्याच्या बापाने आत काय आहे असे विचारले, तर आपल्याला नजर चोरावी लागणार नाही. दुकानाची खरी पुंजी तीच आहे.