विश्लेषण : ‘यंग इंडिया’ची गाणी कायद्याने मोकळी, पण ऐकायची कुठून?

करमाडपासून कोल्हापूरपर्यंत अनेक घरांच्या माळ्यांवर आजही जुन्या तबकड्या सापडतात. बहुतेकांवर एचएमव्हीचा कुत्रा असतो. पण क्वचित एखादीवर ‘यंग इंडिया’ असं नाव दिसलं, तर ती भंगारात देण्याआधी थांबायला हवं. का, ते समजून घेऊ.

कंपनी कोणाची?

‘यंग इंडिया’ हा मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा लेबल. कारखाना वडाळ्यात, काळ १९३५ ते १९५५. (गांधीजींच्या साप्ताहिकाचंही हेच नाव होतं.) तेव्हा बाजारावर एचएमव्हीचा दबदबा होता. या छोट्या कंपनीने मुख्यतः हौशी आणि नवोदित कलाकारांच्या तबकड्या काढल्या. चित्रपटगीतं, शास्त्रीय संगीत, शिवाय भाषा शिकवणाऱ्या तबकड्यासुद्धा.

तिचं वेगळेपण नेमकं इथेच आहे, आणि तिची अडचणही. नामवंत गायकाची तबकडी पुढे एलपी, कॅसेट, सीडी असा प्रवास करते, कारण ती विकली जाते. हौशी गायकाला पुन्हा कोण छापणार? एचएमव्हीचा वारसा सारेगामाकडे आला आणि २०१७ मध्ये जुनी गाणी भरलेला ‘कारवाँ’ रेडिओ घरोघरी पोहोचला. ‘यंग इंडिया’ला असा वारसदार मिळाला नाही.

मग कॉपीराइटचं काय?

भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९५५ ची शेवटची तबकडीही १ जानेवारी २०१६ ला मोकळी झाली. मात्र इथे एक मेख आहे. मोकळं झालं ते ध्वनिमुद्रण. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. समजा संगीतकार १९७० मध्ये वारला, तर त्याची चाल २०३० अखेरपर्यंत संरक्षित. त्यामुळे तबकडी दिसली की लगेच यूट्यूबवर टाकली, इतकं हे सोपं नाही.

त्याहून मोठा प्रश्न तबकडीच उरण्याचा. ७८ आरपीएमची तबकडी लाखेची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं आणि हातातून पडली की तुकडे. कायदा गाणं मोकळं करतो, ते जपून ठेवण्याची सक्ती मात्र कोणावरच करत नाही. आपल्याकडे हे काम मुख्यतः संग्राहकांनीच केलं. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. तिच्याशी संबंधित सुरेश चांदवणकरांनी ‘यंग इंडिया’वर काम केलं आणि ब्रिटिश लायब्ररीच्या एका योजनेतून या तबकड्यांचं डिजिटायझेशन झालं. वडाळ्यातल्या आवाजांसाठी लंडनची मदत लागावी, हे खटकतंच.

घरात तबकडी सापडली तर?

स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका, त्यात लाख विरघळते. एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. जुन्या फोनोवर पोलादी सुईने वाजवून पाहण्याचा मोह टाळा, दर वेळी खाच थोडी झिजते. मधल्या कागदाचा स्पष्ट फोटो काढा. त्यावरचा क्रमांक आणि खाचांशेजारी कोरलेली अक्षरं नोंदवून घ्या. संग्राहक आधी तेच विचारतात.