घरचे पाळीव प्राणी : चिंचिलाचा पिंजरा

घरी पाळावयाच्या प्राण्यांसंबंधी आम्हांस जी पत्रे येतात, त्यांत अलीकडे एक नवे नाव दिसू लागले आहे. कोल्हापुरातील एका भगिनी लिहितात की, पुण्यास शिकत असलेला त्यांच्या धाकट्या दिरांचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत चिंचिला नावाचा प्राणी घेऊन येणार आहे. मुले हर्षभरित आहेत, सासूबाई साशंक आहेत, आणि मामंजींनी माळ्यावरचा पोपटाचा पितळी पिंजरा खाली काढवून घासून ठेवविला आहे. तो चालेल काय, न चालल्यास कोणता घ्यावा, एवढेच त्यांस विचारावयाचे आहे.

पितळी पिंजरा चालणार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. आता त्यात पोपटही ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडील देशी पोपट पाळणे हा गुन्हा ठरतो. मामंजींनी त्यात मनीप्लँटची कुंडी ठेवून तो ओसरीवर टांगावा, शोभा येईल.

परंतु कोणता पिंजरा, या प्रश्नाआधी कोणती खोली, हा प्रश्न येतो, आणि तो पत्रात कोठेच नाही. चिंचिलाच्या नावात चिंच ऐकू येत असली, तरी आपल्या मुलुखाशी त्याचा काडीचा संबंध नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच, थंड व कोरड्या उतारांवर, खडकांच्या कपारींत राहणारा हा प्राणी. त्याच्या त्वचेच्या एकेका छिद्रातून ५० हून अधिक केस निघतात. या मऊ लोकरीपायी माणसाने त्याची इतकी शिकार केली की, रानातून तो जवळजवळ नाहीसाच झाला. १९२३ साली मॅथायस चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्याने चिलीतून सुमारे डझनभर चिंचिला जिवंत कॅलिफोर्नियास नेले. आज घरोघरी दिसणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात. डोंगरावरून त्यांना एकदम खाली न आणता त्याने टप्प्याटप्प्याने उतरविले, आणि प्रवासात पिंजऱ्यांवर सावली धरून बर्फाने गारवा राखला. जाळी कशी, दारे किती, हा विचार त्यानंतरचा.

या प्राण्यास घाम येत नाही. म्हणून पंख्याच्या वाऱ्याने आपणांस जो दिलासा मिळतो, तो त्यास मिळत नाही. हवा २५ अंश सेल्सिअसच्या वर गेली की तो अस्वस्थ होऊ लागतो, आणि ३० अंशांच्या आसपास उष्माघाताने काही तासांत दगावूही शकतो. आमच्या कोल्हापुरात चैत्र-वैशाखात पारा ३५ अंश सहज ओलांडतो. शिवाजी पेठेतील वा मंगळवार पेठेतील जुन्या वाड्याचे जाड भिंतींचे माजघर इतर खोल्यांहून गार असते खरे, पण वैशाखात तेही पुरे पडत नाही. पत्र्याखालची खोली, पश्चिमेची गॅलरी व सज्जा यांचा तर विचारच नको. पाण्यावर चालणारा कूलर हवेत ओल भरतो, आणि दाट लोकरीत ओल मुरली की बुरशीचे त्वचारोग होतात. सबब ज्या घरी मार्चपासून पावसाळा स्थिरावेपर्यंत रात्रंदिवस ए. सी. चालविण्याची तयारी नाही, त्या घरी हा प्राणी आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नयेत, हेही ओघाने आलेच.

खोली ठरली, तर पिंजऱ्याचे काम अवघड नाही. बाजारात मिळणारे सशाचे बुटके पिंजरे निरुपयोगी. हा प्राणी चार-पाच फूट उडी सहज मारतो. किमान चार फूट उंच, तीन फूट रुंद व दोन फूट खोल असा पिंजरा हवा. शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या कारागिरास माप दिले, तर तो स्टेनलेस स्टीलमध्ये हवा तसा करून देईल. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घेऊ नये. चिंचिला दिवसभर काही ना काही कुरतडतो व जस्त पोटात गेल्यास विषबाधा होते. प्लॅस्टिकही याच कारणाने वर्ज्य. जाळीची घरे अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत. तळ मात्र जाळीचा मुळीच नको. याच्या मागच्या पायाचे हाड लांब व काडीसारखे बारीक असते, आणि तारेत पाय अडकून ते मोडल्याची उदाहरणे पशुवैद्यांस चांगली परिचित आहेत. आत पॉलिश वा रंग न दिलेल्या पाईनच्या फळ्या आडव्या बसवाव्यात, पण जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे मागेपुढे, म्हणजे पडलाच तर फूट-दीड फुटापेक्षा अधिक पडणार नाही. प्लायवूडमध्ये सरस असतो, ते नको. लपण्यास एक लाकडी खोका, आणि बसावयास ओट्याच्या ग्रॅनाइटचा किंवा कडप्पाचा उरलेला तुकडा ठेवावा. वीज गेली असता त्या थंड दगडावर तो पोट टेकून पडतो. अंघोळ त्यास पाण्याची नसते, धुळीची असते. त्यासाठी खास बारीक भुकटी मिळते. पंचगंगेची वाळू जाडी पडते.

दिवसा हा झोपतो व रात्री धुडगूस घालतो, याची सासूबाईंना आधी कल्पना द्यावी. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीचा आवाज जेथे पोहोचतो, तेथे पिंजरा ठेवू नये. मुलांच्या हाती गुळाचा खडा असेल, तो त्यांच्याच तोंडात जाईल असे पाहावे.

आता थोडे नाजूक बोलतो. नीट सांभाळलेला चिंचिला १० ते १५ वर्षे, क्वचित २० वर्षेही जगतो. पुतण्या सुट्टी संपताच पुण्यास परतेल. तळाचा ट्रे रोज कोण काढणार, हे पत्रावरून आम्हांस पुरते कळले आहे. तेव्हा पिंजरा त्या भगिनींच्या सोयीने व्हावा. तळ कमरेच्या उंचीवर यावा, ट्रे बाहेर सरकणारा असावा, आणि दार दोन्ही हात आत जातील एवढे मोठे असावे.

दिवाळीस अद्याप पुष्कळ अवकाश आहे. ज्या खोलीत पिंजरा ठेवावयाचा, तेथे या वैशाखात एक थर्मामीटर टांगावा व आठ दिवस दुपारी तीन वाजता आणि रात्री निजण्यापूर्वी पारा टिपून ठेवावा. ए. सी. लावूनही तो २५ च्या वर राहत असेल, तर तो कागद पुतण्यास पाठवून द्यावा आणि कारागिरास माप देऊ नये.