बंदूक एक, काडतुसे दोन

२०१७ च्या ऑक्टोबर महिन्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महासंचालकांनी मोठ्या समाधानाने एक वार्ता जाहीर केली. काश्मीर खोऱ्यातील जमाव पांगविण्यासाठी एकवीस हजार प्लास्टिकच्या गोळ्या रवाना झाल्या असून त्या दलाजवळ असलेल्या ए.के. रायफलींतूनच झाडता येतील. म्हणजे नवे हत्यार नको, जुनेच पुरेल. गोळीची रचना संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेची, उत्पादन पुण्याच्या आयुध निर्माणीचे. वृत्तपत्रांतून ही बातमी सुधारणा म्हणूनच छापून आली. परंतु ज्या सोयीचे कौतुक झाले, तीच या योजनेतील सर्वांत घातक गोष्ट आहे.

पोलिसाच्या हाती लाठी आहे की रायफल, हे समोरच्या निःशस्त्र माणसाला दिसते आणि त्यावरून तो आपल्या जिवाचा हिशेब करतो. रायफल तीच ठेवून आतली गोळी तेवढी बदलली, की हा हिशेब संपतो. मारणारी गोळी आणि न मारणारी गोळी यांतील भेद मॅगझिनच्या पत्र्याआड जातो. तो जमावाला दिसत नाही, बातमीदाराला दिसत नाही आणि बारा-चौदा तास उभ्या असलेल्या, डोक्यावर दगड पडत असलेल्या जवानालाही ऐन क्षणी आठवेलच याची शाश्वती नाही. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात याची प्रचीती आलेली आहे. तेथे वाळूच्या पिशव्यांसारखी बोथट काडतुसे झाडण्याच्या बंदुका ओळखू याव्यात म्हणून त्यांचे दस्ते नारिंगी रंगविलेले होते. तरीही २०११ साली एका पोलिसाने त्याच बंदुकीत खरी काडतुसे भरली आणि एका माणसाला कायमचे जायबंदी केले. रंगविलेल्या दस्त्याची ही कथा; येथे तर रंगही नाही.

छऱ्यांच्या बंदुकीचा इतिहास याहून बोलका आहे. बारा बोअरची बंदूक ही मुळात शिकाऱ्याची. तिच्या गुळगुळीत नळीतून रानडुकरासाठी एक मोठी गोळी सुटते, पाखरांसाठी शेकडो बारीक छरे सुटतात, आणि काडतूस बदलले की रबराचे दाणेही सुटतात. काश्मीरमध्ये २०१० पासून पोलिसांनी या बंदुकीत जे काडतूस घातले ते पाखरांचे : नऊ नंबरचे, प्रत्येक छरा जेमतेम दोन मिलिमीटरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात राखीव दलाने बत्तीस दिवसांत सुमारे १३ लाख छरे झाडले, हे त्या दलाने स्वतः उच्च न्यायालयात सांगितले. जुलै २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या काळात ६,२२१ माणसे छऱ्यांनी जखमी झाली आणि त्यांपैकी ७२८ जणांच्या डोळ्यांना इजा झाली, हा आकडा तत्कालीन मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांच्या उत्तरातला आहे. कोणा विरोधकाच्या पत्रकातला नव्हे. नियम कमरेखाली नेम धरण्याचा होता. पण नळीतून निघताच पसरत जाणाऱ्या शेकडो छऱ्यांना कंबर कोठली आणि डोळा कोठला! पुढे २०१७ साली नळीच्या तोंडाशी छरे वर न जाऊ देणारा पत्रा बसविण्यात आला. सहा हजार माणसे जखमी झाल्यावर सुचलेल्या या पत्र्याला सुधारणा म्हणणे हा शब्दांचा अपमान आहे.

या बंदुकीच्या समर्थनार्थ केलेला युक्तिवाद असा, की ती काढून घेतली तर बिकट प्रसंगी रायफल चालवावी लागेल आणि अधिक माणसे मरतील. दलाच्या प्रतिज्ञापत्रात हेच होते. तो सर्वस्वी खोटा नाही. दगडफेकीत जवानही रक्तबंबाळ होतात आणि तेही बहुधा गरीब शेतकऱ्यांचीच पोरे असतात, हे समाजवाद्यांनी विसरू नये. परंतु हा युक्तिवाद नागरिकापुढे डोळा आणि जीव एवढे दोनच पर्याय ठेवतो. जमाव रस्त्यावर का आला, त्याच्याशी बोलणी का झाली नाहीत, हा प्रश्न त्यात कोठेच नाही. शिवाय सौम्य म्हणविणारे काडतूस हाती आले की ते अधिक वेळा आणि अधिक सहजपणे झाडले जाते. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्याने १९७० साली रबरी गोळी आणली, १९७३ पासून प्लास्टिकची आणली. दोहोंनी मिळून सतरा माणसे मारली आणि त्यांत आठ मुले होती.

चिलीची गोष्ट तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. २०१९ च्या उठावात तेथील पोलीस बारा बोअरच्याच बंदुका वापरीत होते आणि आतले दाणे रबराचे आहेत असे शासन सांगत होते. शेकडो तरुणांचे डोळे दुखावल्यावर चिली विद्यापीठाच्या संशोधकांनी जखमांतून काढलेले दाणे तपासले. रबर निघाले वीस टक्के. उरलेले ऐंशी टक्के सिलिका, बेरियम सल्फेट आणि शिसे. त्यानंतर पोलिसांना त्यांचा वापर स्थगित करावा लागला. काडतुसाच्या वेष्टनावरील शब्द आणि काडतुसातील द्रव्य यांत किती अंतर असू शकते, हे सान्तियागोच्या डॉक्टरांनी जगाला दाखविले.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावी. रायफलीच्या गोळीवर नळीतील आट्यांच्या खुणा उमटतात. त्यावरून ती कोणत्या रायफलीतून सुटली हे ठरविता येते. गुळगुळीत नळीतून गेलेल्या छऱ्यावर अशी खूण नसते. २०२४ च्या फेब्रुवारीत खनौरी सीमेवर एक तरुण शेतकरी मरण पावला. शवविच्छेदनात त्याच्या डोक्यात छरे सापडले आणि ते कोणाच्या बंदुकीचे हा वाद न्यायालयात गेला. निवृत्त न्यायाधीशांची चौकशी नेमावी लागली. प्रत्येक काडतुसाचा क्रमांक, ते घेणाऱ्याचे नाव आणि परत आलेली रिकामी नळकांडी यांची नोंद उघड असती, तर त्या कुटुंबाला एवढी वणवण करावी लागली नसती.

१९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिळ्ळै यांचे प्रजासमाजवादी सरकार असताना पोलिसांनी निदर्शकांवर गोळी झाडली, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस असलेल्या डॉ. राममनोहर लोहिया यांनी स्वपक्षाच्याच मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. पक्ष पुढे त्यावरून दुभंगला. त्या वेळी गोळी शिशाची की रबराची, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नव्हता. आज तो विचारला जातो, आणि उत्तर सौम्य आले की राजीनाम्याची मागणीही सौम्य होते. पक्षांतही होते.

धातूचे छरे कदापि वापरू नयेत, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने स्वच्छ सांगितले आहे. भारत सरकारने एवढे तरी मानावे. जमावापुढे जाणाऱ्या पोलिसाकडे दोन्ही प्रकारच्या गोळ्या झाडणारी बंदूक असूच नये. बोथट गोळीचे हत्यार निराळे असावे आणि त्यात खरे काडतूस मावताच कामा नये. हे यंत्रशास्त्राला अशक्य नाही. नळीचा व्यास बदलला की झाले.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याची स्थापना १८६९ ची. बारा बोअरची शिकारी काडतुसेही तेथे बनत आली. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या आणि कामगारांनी विरोध करताच संपबंदीचा वटहुकूम आला. त्या कामगारांच्या मागणीपत्रकात वेतन, निवृत्तिवेतन आणि सुरक्षितता यांची कलमे असणारच. जमावावर झाडावयाच्या प्रत्येक काडतुसावर त्यातील द्रव्य आणि क्रमांक ठळक छापला जावा, हे आणखी एक कलम त्यात घालावे, असा प्रस्ताव पुण्यातील कार्यकर्त्यांनी कारखान्याच्या फाटकावर न्यावयास हवा.