रक्त थांबलं, कारण राहिलं

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या महिला मंडळात एका व्याख्यात्यांचं भाषण झालं. विषय होता चाळिशीनंतरचं आरोग्य. बोलणं रसाळ होतं, टाळ्याही भरपूर पडल्या. मी मागच्या रांगेत बसले होते आणि माझा जीव खालीवर होत होता, कारण या भाषणाचे परिणाम उद्या सकाळी माझ्याच काउंटरवर येणार हे मला दिसत होतं. मी फार्मासिस्ट आहे. तालुक्याच्या गावात अठ्ठावीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे. झालंही तसंच. शटर वर करून तास झाला नव्हता, तोच दोघी आल्या. एकीला पाळी जाण्याच्या त्रासासाठी दिलेल्या, उरलेल्या हार्मोनच्या गोळ्या परत करायच्या होत्या. दुसरी इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, रक्त थांबायची गोळी द्या."

व्याख्यात्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पाळी जाणं नैसर्गिक आहे, त्याला औषध कशाला? आपल्या आज्यांनी कुठे गोळ्या घेतल्या? हार्मोन हे विष आहे. गोळ्या चालू असताना मध्येच अंगावरून गेलं, तर ते विष बाहेर पडतंय असं समजायचं आणि त्याच दिवशी गोळ्या बंद करायच्या. रक्त थांबलं की प्रश्न मिटला. सोनोग्राफी नको, तपासायला अस्तराचा तुकडा काढणं नको. फारच झालं तर पिशवी काढून टाकायची, आता तिचं काम तरी काय उरलंय?

आज्यांनी सोसलं, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. त्या सोसण्याला त्यांची पसंती म्हणू नये.

विषाचा मुद्दा जुना आहे. २००२ साली अमेरिकेतली हार्मोनची मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली, तेव्हापासून तो दर दोन वर्षांनी नव्याने ऐकायला मिळतो. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन-जातीचं अशी दोन्ही हार्मोन घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे साधारण आठ रुग्ण जास्त आढळले. हा धोका खरा आहे, तो लपवू नये. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेला आहे किंवा पायात गुठळी झाली आहे, त्यांना डॉक्टर सहसा या गोळ्या देतच नाहीत. पण रात्रीत तीनदा घामाने भिजून उठणाऱ्या पन्नाशीच्या बाईला त्रेसष्टीचे आकडे सांगून घाबरवणं, याला मी आरोग्यप्रबोधन म्हणणार नाही.

खरा राग मला आला तो "रक्त थांबलं की प्रश्न मिटला" या वाक्याचा. यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण या एका वाक्याने बायका मरू शकतात.

आधी हे रक्त येतं कुठून ते बघा. इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या आतलं अस्तर वाढवतं. प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालतं. म्हणून पिशवी जागेवर असलेल्या बाईला दोन्ही द्यावी लागतात. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे १९७५ सालीच लक्षात आलं होतं. नव्वदच्या दशकातल्या एका अमेरिकी चाचणीत बायकांना तीन वर्षं नुसतं इस्ट्रोजेन दिलं, तर शंभरातल्या साठांहून जास्त जणींचं अस्तर वाजवीपेक्षा वाढलं. सोबत प्रोजेस्टेरॉन मिळालेल्या बायकांत ही वाढ क्वचितच दिसली.

आता गोळ्या देण्याच्या दोन रीती आहेत. एकीत प्रोजेस्टेरॉन महिन्यातले बारा-चौदा दिवस देतात. ते संपलं की पाळीसारखं जातं आणि ते जायलाच हवं असतं. दुसऱ्या रीतीत दोन्ही रोज चालू राहतात. इथे रक्त जाणं अपेक्षित नाही, पण पहिले तीन ते सहा महिने डाग पडणं नेहमीचं आहे. शेवटची पाळी येऊन वर्ष व्हायच्या आतच ही दुसरी रीत सुरू केली, तर बाईचा स्वतःचा बीजकोश अधूनमधून जागा होतो आणि डाग जास्त पडतात. म्हणजे एकीचं रक्त ठरलेलं, दुसरीचं सुरुवातीचं आणि तिसरीचं आठव्या महिन्यात अचानक आलेलं. व्याख्यात्यांनी तिघींना एकच फर्मान दिलं.

तेही चुकीचं. प्रोजेस्टेरॉन एकदम बंद केलं की चार-सहा दिवसांत उलट जास्तच जाऊ शकतं. बाई घाबरते, काउंटरवर येते आणि रक्त थांबायची गोळी मागते. ती गोळी रक्त धरून ठेवते, पिशवीत काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. शिवाय इस्ट्रोजेनच्या गोळीसोबत ती घेतली तर गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. काहीजणी पाळी पुढे ढकलायची गोळी मागतात, जी गौरी-गणपतीच्या आधी आपल्याकडे पेपरमिंटसारखी विकली जाते. ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून मी आम्हा दुकानदारांच्या बैठकीत दहा वर्षांपूर्वी वाद घातला होता. मला ऐकवण्यात आलं, तुम्ही दिली नाही तर शेजारचा देईल. शेजारचा देतो हे खरं आहे. मी अजूनही देत नाही.

आणि रक्त थांबलं, तरी कारण तिथेच राहतं. ते कारण पुष्कळदा साधं असतं: चुकलेल्या गोळ्या, साधा पॉलिप, वयाने पातळ झालेलं अस्तर. पण पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या दर शंभर बायकांमध्ये साधारण नऊजणींना गर्भाशयाचा कॅन्सर निघतो. हार्मोन घेणाऱ्यांत हे प्रमाण काहीसं कमी असतं, पण शून्य नसतं. आणि ज्यांना तो होतो, त्यांच्यातल्या दहापैकी नऊजणींना रक्त जाणं ही खूण दिसलेली असते. एवढ्या लवकर आणि एवढी स्पष्ट खूण देणारे कॅन्सर थोडे आहेत. ती खूण पुसून टाका, असं भरसभेत सांगितलं गेलं आणि त्यावर टाळ्या पडल्या.

त्या सकाळी गोळ्या परत करायला आलेल्या काकू चोपन्न वर्षांच्या. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली, दोन्ही औषधं रोज, आठव्या महिन्यात डाग. मी म्हटलं, "काकू, गोळ्यांची पिशवी दाखवा." त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काउंटरवर उलटी केली. इस्ट्रोजेनची अठ्ठावीस गोळ्यांची स्ट्रिप पूर्ण रिकामी होती, एकूणएक कप्पा फुटलेला. त्याच दिवशी घेतलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या तीन स्ट्रिपांमध्ये मात्र सोळा कॅप्सूल शिल्लक. मी त्या त्यांच्यासमोर एकेक करून मोजल्या. काकू म्हणाल्या, "ती घेतली की सकाळी डोकं जड होतं गं. नातवाला साडेसहाला उठवायचं असतं. मग एक दिवसाआड घ्यायला लागले. डॉक्टरांना काय सांगायचं त्यात!" असं तीन महिने चाललं होतं. अस्तर वाढवणारं औषध रोज आणि आवरणारं निम्मं.

मी त्यांना दुपारीच डॉक्टरांकडे पाठवलं. खालून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ९ मिलिमीटर निघालं. रोज दोन्ही औषधं घेणाऱ्या बाईत ते ४ च्या आत असावं लागतं. तुकडा तपासायला गेला आणि अहवाल आला: साधी वाढ, कॅन्सर नाही. आता त्यांना गर्भाशयात हार्मोन सोडणारं साधन बसवलं आहे, कॅप्सूलची कटकट गेली. नुसतं सगळं बंद केलं असतं, तरी ती वाढ कदाचित आपोआप उतरली असती. पण ती साधी आहे हे तुकडा तपासल्यावरच कळलं. टाळ्या वाजवून कळलं नाही.

पिशवी काढून टाका, हे तर सांगूच नये, निदान महाराष्ट्रात तरी. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. धडा घ्यायला एवढं पुरे होतं.

मग करायचं काय? ते फार मोठं नाही. गोळ्या सुरू केल्या त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहा. रक्त गेलं की तीही तारीख, आणि डाग होता की कापड भिजलं, हेही लिहा. गोळ्या चुकल्या असतील, उलटी झाली असेल, दुसरं औषध सुरू झालं असेल, तर सांगा. सांगायला लाजू नका. पहिल्या सहा महिन्यांतले किंवा मात्रा बदलल्यानंतरच्या तीन महिन्यांतले थोडे डाग असतील, तर डॉक्टर बहुतेक वेळा मात्रा किंवा प्रकार बदलून बघतात. त्यापुढेही चालू राहिलं, थांबून पुन्हा आलं, किंवा भरपूर गेलं, तर सोनोग्राफी करायची आणि गरज पडली तर तुकडाही द्यायचा. वजन फार असेल किंवा मधुमेह असेल, तर वाट बघू नका. औषध चालू ठेवायचं की थांबवायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. थांबवलं, तरी तपासणी पुरी करा.

आणि माझ्याकडे या किंवा दुसऱ्या कुठल्या दुकानात जा, रक्त थांबायची गोळी मागायच्या आधी घरातल्या सगळ्या स्ट्रिप घेऊन या. रिकाम्या झालेल्यासुद्धा.